तुळसाने राखलेली नजर

हिराच्या हातातली औषधाची बाटली तुळसाने हिसकावून घेतली आणि उघड्या दारातून थेट अंगणात भिरकावली. चिऱ्याच्या पायरीवर आपटून तिचं झाकण उडालं, आतलं पांढरट औषध तांबड्या मातीत झिरपून गेलं, आणि खाटेवर उताणी पडलेली नऊ वर्षांची हेतलसुद्धा रडायची थांबली. तिचा डावा डोळा सुजून लाल झाला होता. आदल्या दिवशी धक्क्यावर बापाची जाळी झाडताना काहीतरी त्यात उडालं होतं, आणि पोरीने दिवसभर तो चोळचोळून चोळला होता.

"वन्सं, ते औषध मी शेजारच्या धोंडूमामांकडनं मागून आणलं होतं," हिरा दातओठ खात म्हणाली. "त्यांच्या ऑपरेशनाच्या वेळचं. चांगलं डाक्तरचं औषध."

"त्यांच्या डोळ्याचं औषध त्यांच्या डोळ्याला," तुळसा शांतपणे म्हणाली. "पोरीच्या डोळ्यात काय गेलंय ते आपल्याला ठाऊक नाय. ऊठ गो हेतल, आपण रत्नागिरीला जाऊया."

आणि मग हिराच्या तोंडून ते वाक्य निघून गेलं... जे पुढे किती वर्षं त्या घराच्या भिंतींनी ऐकत राहावं, असं वाक्य.

"तुमचा एक डोळा गेला, म्हणून माझ्या पोरीचे दोन डोळे तुम्हाला बघवत नाहीत."

तुळसाने पदर सारखा केला, हेतलचा हात धरला आणि ती पायऱ्या उतरू लागली. मात्र तिच्या अंतःकरणात त्या क्षणी काय तुटलं असेल, ते तिचं तीच जाणे.

पूर्णगडच्या त्या मासेमार खारवी कुटुंबात तुळसा ही दत्तारामची थोरली बहीण. सहा वर्षांची असताना तिला गोवर निघाला. घरात खायची वानवा, ज्या दिवशी मासळी मिळेल त्या दिवशी कालवण आणि नाहीतर भातावर नुसतं मीठ. गोवरातून पोर उठली खरी, पण तिन्हीसांजेनंतर ती भिंती चाचपडू लागली, आणि महिन्याभरात उजव्या डोळ्यावर पांढरं फूल पडलं. उशिरा का होईना, आरोग्य केंद्रातली एक नर्सबाई घरी आली, तिने औषधाचे डोस पाजले आणि डावा डोळा वाचला. जाताना ती आईला म्हणाली होती, "अहो, तुमच्या परसात शेगलाचं, म्हणजे शेवग्याचं झाड आहे. त्याचा पाला पोरीच्या पोटात गेला असता, तर हा डोळा कदाचित गेला नसता."

ते शब्द सहा वर्षांच्या तुळसाच्या काळजावर कोरले गेले. परसात औषध उभं, आणि आपण त्याच्या सावलीत खेळता खेळता एका डोळ्याने आंधळ्या झालो... हे शल्य तिने उराशी धरलं, पण त्याचं रडगाणं केलं नाही. फुलामुळे लग्न जमलं नाही, तेव्हा ती गावच्या अंगणवाडीत मदतनीस झाली. शेगलाची भाजी सारा गाव गोकुळाष्टमीला एकदा खायचा, तुळसा ती आठवड्यातून दोनदा पोरांच्या ताटात वाढायची. नुसती उकडून नाही, तेलाची फोडणी देऊन, कारण तेलाशिवाय तिचा गुण अंगी लागत नाही हे तिला त्या नर्सबाईनेच शिकवलं होतं. लाल माठ, भोपळा, पिकलेली पपई, अंडं, ताजी मासळी... ज्याच्या घरी जे असेल ते पोराच्या पोटात गेलंच पाहिजे, असा तिचा हेका. चौदा वर्षांत तिच्या अंगणवाडीतलं एकही मूल तिन्हीसांजेला अडखळलं नाही, आणि हा तिचा मोठा अभिमान होता. मूक, पण मोठा.

हेतल तर तिच्या मांडीवरच वाढली. दत्ताराम बोटीवर, हिरा पहाटे उठून मासळी घेऊन रत्नागिरीच्या बाजारात. घरी आत्या आणि भाची. आत्या मोबाईल हातात देत नसे. पुस्तक हातभर लांब धरायला लावी, दुपार कलली की पोरीला घेऊन खाडीच्या तोंडाशी जाई आणि ऊन उतरेपर्यंत खेळू देई. दिवसभर टोपली वाहून थकून आलेल्या हिराला मात्र हे सगळं जाचक वाटायचं. लेक आपली, पण आपल्याच लेकीला कौतुकाने काही द्यावं तर त्यावरही नणंदेचा पहारा, ही बोच तिच्या मनात साचत गेली होती. त्या दिवशी ती फुटली, एवढंच.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी हेतलचा डोळा तपासला. मागोमाग हिराही धापा टाकत येऊन पोहोचली होती. बुबुळावर ओरखडा होता, त्यात जाळ्याचा बारीकसा धागा रुतला होता. धागा काढून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "घरी काही घातलं होतं का यात?"

"नाय," तुळसा म्हणाली.

"मी घालणार होते," हिरा पुटपुटली आणि तिने औषधाचं नाव सांगितलं.

डॉक्टरांचा चेहरा कठोर झाला. "बाई, ते औषध उघड्या जखमेवर गेलं असतं, तर जंतू माजले असते. फूल पडलं असतं कायमचं. दुसऱ्याची बाटली स्वतःच्या लेकराच्या डोळ्यात घालायला निघालात तुम्ही?"

बाकड्यांवर बसलेले सगळे पेशंट ऐकत होते. हिराची मान खाली गेली. तिला स्वतःचा अपराध कळला नाही असं नाही, लख्ख कळला. पण ज्या माणसासमोर अपराध उघडा पडतो, त्या माणसाचं तोंड पाहणं नकोसं होतं... हिराचं तसंच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत जाळं विणत बसलेल्या नवऱ्याला ती म्हणाली, "या घरात एक तर त्या राहतील, नाय तर मी. मी पोरीला घेऊन माहेरी जाते."

दत्तारामचे हात थांबले. तो गरीब स्वभावाचा माणूस. इकडे आईच्या मायेने वाढवणारी बहीण, तिकडे बायको आणि लेक.

आतून तुळसा चहा घेऊन आली. कप त्याच्या पुढ्यात ठेवत ती सहज म्हणाली, "दत्ता, तुला सांगायचं राहिलंच बघ. जयगडला बंदराच्या कामगारांची खानावळ हाय ना, तिथं मला बोलावलंय जेवण करायला. सोमवारपासून जायचं ठरवलंय."

"आक्का, कधी ठरलं गो हे?"

"झाले आठ दिवस."

काहीच ठरलेलं नव्हतं. जयगडला तिच्या ओळखीचं एक माणूसही नव्हतं. पण भावाला निवड करायची वेळ येऊ नये, त्याचं घर मोडू नये, म्हणून तिने आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी खोटं बोलून घेतलं. चौदा वर्षांची अंगणवाडी सोडली. आणि सोमवारी, शाळेत गेलेली हेतल परत यायच्या आत, पिशवीत चार लुगडी घालून, ती एसटीत बसली.

हाताला चव होती. जयगडला विचारत विचारत गेली, तर खरोखरच एका खानावळीत काम मिळालं. रोज साठ-सत्तर माणसं जेवायची. क्रेन चालवणारे, वेल्डिंगवाले, ड्रायव्हर. तुळसा त्यांना मायेने वाढायची आणि तितक्याच मायेने झापायची. "काळा चष्मा लावल्याशिवाय ठिणगीजवळ जाऊ नकोस रे, डोळा काय बाजारात मिळतो?" माणसं हसायची, पण ऐकायची. तिथेही तिचा मान राहिला.

फक्त गणपती आले की तिचा जीव कासावीस व्हायचा. कोकणातल्या बाईने गणपतीला घरी नसावं, यासारखी दुसरी शिक्षा नाही. दरवर्षी दत्ताराम बोलवायला यायचा, आणि दरवर्षी ती म्हणायची, "सुट्टी देत नाहीत रे." मालक सुट्टी घ्या म्हणून तिच्या मागे लागायचा, हे तिने भावाला कधी कळू दिलं नाही. भाऊ निघाला की ती एकच विचारायची, "पोरीचे डोळे बरे हायत ना?"

"बरे हायत," दत्ताराम जमिनीकडे बघत म्हणायचा. त्याच्या ओठांवर आणखी काहीतरी येऊन थांबायचं.

नऊ वर्षं गेली... नऊ गणपती गेले.

एका गुरुवारी जेवणं आटोपली होती. तुळसा गॅसच्या शेगडीपाशी भांडी आवरत होती, तेवढ्यात दारात कुणीतरी उभं राहिलं. उन्हाकडे पाठ असल्यामुळे तिला चेहरा दिसेना.

"कोण हाय?"

"मी हिरा, वन्सं."

तुळसाच्या हातातला पितळी डाव तसाच राहिला. हिराच्या पाठीमागे एक उंच, सडपातळ मुलगी होती. ती हेतल असणार... नऊ वर्षांची परकरातली पोर आता अठरा वर्षांची झाली असणार, हा हिशेब तुळसा रोज मनात करायची, पण डोळ्यांसमोर ते रूप उभं राहिलं तेव्हा तिने पदराला हात पुसले आणि बाकडं पुढे सरकवलं.

"बसा," एवढंच ती म्हणाली.

हिरा बसली नाही. "हेतलची निवड झालीय. जहाजावर अधिकारी व्हायच्या शिक्षणाला. काल डोळ्यांची मोठी तपासणी होती. चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांनी खालची ओळ वाचायची, रंग ओळखायचे. किती पोरं मागे फिरली, पण ही पास झाली. एकदम पास." तिने पिशवीतून एक निळी फाईल काढली आणि दोन्ही हातांनी तुळसाच्या पुढे धरली. "हे बघा, वन्सं. मला बोलता येत नाय. तुम्ही हे वाचा, म्हणजे तुम्हाला समजेल."

तुळसाने फाईल उघडली. आत डॉक्टरांचे कागद होते. तिने पहिला कागद जवळ धरला, मग लांब धरला. मान वाकडी करून दाराच्या उजेडाकडे नेला, पुन्हा डोळ्यांपाशी आणला.

हिरा पाहत होती. आणि पाहता पाहता तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"वन्सं... तुम्हाला दिसत नाय?"

"दिसतं गो. धुराने जरा अंधूक होतं."

"धूर कुठे आहे इथे? गॅस आहे." हिराने पुढे होऊन तिची हनुवटी धरली आणि चेहरा उजेडाकडे वळवला. डाव्या डोळ्याच्या बाहुलीत राखाडी ढग साचला होता. "किती दिवस झाले?"

तुळसाने हनुवटी सोडवून घेतली. दोन वर्षं झाली होती. मीठ मुठीच्या अंदाजाने, फोडणी वासावर. सगळ्या जगाला डोळे तपासून घ्या म्हणणारी ती बाई स्वतः मात्र डॉक्टरची पायरी चढली नव्हती. उरलेला एकच डोळा, त्यावर सुरी चालवली आणि तोही गेला तर... या भयाने तिला बांधून ठेवलं होतं.

हिराने फाईल परत घेतली. ती खाली जमिनीवरच बसली, आणि एकेक कागद काढून मोठ्याने वाचू लागली.

"हा पहिला. तुम्ही गेलात त्याच वर्षीचा. दोन्ही डोळे उत्तम... हा दुसऱ्या वर्षीचा. दोन्ही डोळे उत्तम. हा तिसरा..."

नऊ वर्षांचे नऊ कागद. दरवर्षी एक. हिराने एकही वर्ष चुकवलं नव्हतं.

"शेगलाचा पाला मी स्वतः निवडला, वन्सं. आठवड्यातून दोनदा, तेलाची फोडणी घालून. बाजारात जायच्या आधी भोपळा चिरून ठेवायची. फोन दिला नाय. शाळेतनं आली की घरात बसू दिली नाय, बाहेर खेळायला पाठवली. दहावीला अभ्यासाला बसली तेव्हा मधनं मधनं उठवून पडवीत आणायची, म्हणायची जरा लांबवर बघ. तुम्ही जे जे करत होता ते सगळं केलं. फक्त... हे वन्संचं आहे, असं कुणाला सांगायची हिंमत झाली नाय. दत्तारामांना मी शपथ घातली होती, आक्कांना यातलं काय सांगू नका म्हणून. त्या दिवशी मी जे बोलले, ते मला रोज ऐकू येतं. तुमच्यापुढे कोणत्या तोंडाने उभी राहू, तेच कळत नव्हतं."

तुळसाच्या दोन्ही डोळ्यांतून, दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या, अश्रू ओघळत होते. आपल्याला ज्या घरातून जावं लागलं, त्या घरात आपलंच व्रत कुणीतरी इतक्या निष्ठेने चालवत होतं... आणि तेही जिच्यामुळे जावं लागलं तिनेच. तिला राग यायला हवा होता. नऊ वर्षांचा हिशोब मागायला हवा होता. पण तिच्या मनात दाटून आला तो अभिमान. हेतलचा तर होताच, पण हिराचाही.

"मला वाटायचं, तू आम्हाला सोडून गेलीस," हेतल पहिल्यांदाच बोलली. तिने आत्याच्या पायांवर डोकं ठेवलं. "आईने परवा सगळं सांगितलं. तू गेली नव्हतीस. तुला घालवली होती."

"मी माझ्या मनाने आले गो बाय," तुळसा तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाली. "आईला बोल लावू नकोस. तिने जे केलं ते सोपं नव्हतं. माझ्या हातून पोरं सांभाळली गेली, ती डोक्यावर टोपली नव्हती म्हणून. हिने टोपली वाहून सांभाळली."

हे ऐकलं आणि हिराला हुंदका आवरेना. तिने तुळसाच्या मांडीवर तोंड खुपसलं.

मग हिरा उठली, डोळे पुसले, आणि बाजारात गिऱ्हाइकाशी बोलावं तशा खणखणीत आवाजात म्हणाली, "पिशवी भरा. आज रत्नागिरीला डॉक्टरकडे, आणि तिथनं घरी."

"नको गो. एकच डोळा हाय."

"म्हणूनच."

डॉक्टरांनी दोन वेळा तपासलं, रक्तातली साखर बघितली, डोळ्याचा दाब मोजला. मग म्हणाले, "साधा मोतीबिंदू आहे. आणखी थांबलात तर मात्र अवघड होईल." हिराने हेतलच्या तपासणीची गोष्ट सांगितली, तेव्हा ते तुळसाकडे वळून म्हणाले, "चष्मा लागणं न लागणं सगळं माणसाच्या हातात नसतं, आजी. काही अंगातूनच येतं. पण जे हातात आहे, ते तुमच्या घराने पुरेपूर केलं. असे नऊ कागद मी कुठल्याच घरातून पाहिले नाहीत." मग त्यांनी कागदावरून मान वर केली. "ऑपरेशननंतर महिनाभर थेंब वेळेवर घालायचे. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, वाकायचं नाही, चुलीपाशी तर मुळीच नाही. घरी कोण आहे बघायला?"

"मी आहे," हिरा म्हणाली.

आणि ती होती. पूर्णगडच्या घरात तिने महिनाभर बाजार बंद ठेवला. साबणाने हात धुऊन, दिवसातून चार वेळा, घड्याळ लावून ती थेंब घालायची. बाटली उघडल्याची तारीख तिने झाकणावर लिहून ठेवली होती. तुळसा चुलीकडे फिरकली की दटावायची, "वन्सं, तिकडे नाय." तुळसा मुकाट्याने परत येऊन बसायची. आयुष्यभर दुसऱ्याला धाक घालणाऱ्या त्या बाईला कुणाच्या तरी धाकात राहण्याचं सुख पहिल्यांदाच मिळत होतं. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी पट्टी काढून ती घरी आली होती, तेव्हा परसातल्या शेगलाचं पान न् पान तिला सुटं दिसलं, आणि ती एकेक पान बोटाने चाळत उभी राहिली होती.

हेतल निघायच्या आठवड्यात गावच्या शाळेने तिचा सत्कार ठेवला. खारव्यांच्या घरातली पोर जहाजावर अधिकारी व्हायला चालली, हे गावाने कधी पाहिलं नव्हतं. मंडपात बसायला जागा नव्हती. हेडमास्तर रावजी गुरुजींनी आधी हेतलला श्रीफळ दिलं आणि मग मुलीच्या आईला दोन शब्द बोलायला बोलावलं.

हिरा उठली. तिने माईक दोन्ही हातांनी धरला. "मला भाषण येत नाय," ती म्हणाली. "पण एक गोष्ट गावाला ठाऊक नाय, ती सांगायची हाय. नऊ वर्षांमागे मी माझ्या पोरीचा डोळा माझ्या हाताने घालवणार होते. वन्संनी तो वाचवला, आणि मी त्यांना घराबाहेर काढलं. गावाला आम्ही सांगितलं की त्या कामाला गेल्या. ते खोटं होतं. माझ्या पोरीने ती खालची ओळ वाचली, ती या बाईच्या शिकवणीने वाचली. तेव्हा मान द्यायचा तर तिला द्या."

खाली बसलेल्या दत्तारामने उपरण्यात तोंड लपवलं. हेतल व्यासपीठावरून उतरली, तिने आत्याचा हात धरला आणि तिला वर नेलं.

तुळसा लोकांसमोर उभी राहिली. पुढच्या रांगेत तिच्याच अंगणवाडीत वाढलेल्या मुली आता कडेवर पोरं घेऊन बसल्या होत्या. एकेकीचा चेहरा तिला स्वच्छ ओळखू येत होता. काही बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. तिला त्या सगळ्यांना खूप सांगावंसं वाटलं, पण कौतुकाचे शब्द तिच्याकडे कधी नव्हतेच. तिने हिराच्या खांद्यावर हात ठेवला.

"ही माझी भावजय," ती म्हणाली, "आणि ही माझी भाची. दोघींचा मला अभिमान हाय." ती जरा थांबली. मग तिचा आवाज अंगणवाडीतल्यासारखा करडा झाला. "आता रडणं पुरे. रविवारी सकाळी नऊ वाजता रत्नागिरीचे डॉक्टर शाळेत येणार हायत, मी विचारून ठेवलंय. पाच वर्षांवरचं प्रत्येक पोर घेऊन यायचं. आणि म्हाताऱ्यांनी पण यायचं, भ्यायचं नाय. रांग हिरा लावेल."